दार उघडण्याआधी

मी क्रांतीबाईंची सायकल बोलतेय. गोड बोलेन असं समजू नका. माझं पुढचं चाक वाकलंय, आणि ते माझ्या चुकीनं वाकलेलं नाही.

जयसिंगपूरच्या एका दुकानात माझी जुळणी झाली. क्रांतीबाई तेव्हा कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात आया म्हणून नुकत्याच लागल्या होत्या. नऊ वर्षं रोज सकाळी आम्ही बावड्याहून राजारामपुरीत गेलो. बाई डाव्या कडेनं चालवायच्या, वळताना हात दाखवायच्या. तरीही मोटारवाले हॉर्न मारून आम्हाला गटारात रेटायचे. माणूस स्टिअरिंगमागं बसला की त्याला आपल्याहून लहान काही दिसतच नाही.

एका मंगळवारी रस्त्याकडेला पांढरी मोटार उभी होती. आम्ही तिच्या शेजारून निघालो. आत राजवीर नावाचा तरुण व्यापारी फोनवर बोलत होता. बोलता बोलता त्यानं मागं न बघता दार उघडलं. दाराची कड माझ्या हँडलवर आदळली, मी कलंडले आणि बाई रस्त्यात आपटल्या. मागच्या रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक दाबला म्हणून त्या वाचल्या. उजवं मनगट मात्र मोडलं.

राजवीर उतरला. आधी त्यानं दार बघितलं. मग म्हणाला, "मधीच कशाला घुसलासा?"

तिसऱ्या दिवशी तो घरी आला. मी भिंतीला टेकून सगळं ऐकत होते.

"मावशी, तुम्ही घसरून पडलासा, एवढंच लिहून आणलंय. अंगठा दिला तरी चालतंय."

"मला सही येतीया. पण मी घसरले न्हाय. दार तुम्ही उघडलासा."

"तुम्ही दिसलाच न्हाईसा."

"बघितलासा कुठं दिसायला?"

तो कागद घडी करून गेला. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला टेम्पोत घालून पोलीस ठाण्यात नेलं. हँडलला लागलेला दाराचा पांढरा रंग हवालदारांना दाखवला आणि जबाबाखाली डाव्या हातानं वाकडीतिकडी सही केली.

तेव्हापासून मी पुरावा म्हणून ठाण्याच्या आवारात गंजतेय. परवा बाई आल्या होत्या. हवालदार म्हणाले, "अर्ज करा, सोडवून न्या, चाक सरळ करून घ्या."

"केसचा निकाल लागंस्तवर असंच राहू दे," बाई म्हणाल्या.

मलाही तेच हवंय.

तुम्हीही आज कुठंतरी मोटार थांबवाल. उतरताना दार डाव्या हातानं उघडा. अंग वळेल आणि मान आपोआप मागं जाईल. एवढंही जमत नसेल, तर किल्ली घरी ठेवा आणि पायी फिरा.