पेढा की बर्फी

ठाण्याच्या नौपाड्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी दोनदा करून पाहिली आणि मग संचिताच्या हातावर हात ठेवला. सातव्या महिन्यातलं बाळ पोटातच गेलं होतं. संध्याकाळपर्यंत ॲडमिट व्हा, म्हणाल्या.

परतीच्या गाडीत तिच्या सासूबाई, विमलाबाई, शीळफाट्यापर्यंत रडल्या. तिथे ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली, तशा डोळे पुसून कामाला लागल्या. बाईंचा स्वभावच तसा, दुःखालासुद्धा रांगेत उभं करणारा. दुपारी कोपरच्या हॉलमध्ये संचिताचं डोहाळजेवण होतं, आणि तिचे वडील दगडूअण्णा त्यासाठी संगमेश्वराहून येऊन थेट हॉलवर बसलेसुद्धा होते. महिन्यापूर्वी त्यांची बायपास झालेली. बायको कधीच गेलेली, ही एकुलती एक लेक.

"आज सांगितलं तर अण्णा कोसळतील गं," विमलाबाई म्हणाल्या. "दोन तास काढ. ते गावी गेले की हळूहळू सांगू."

"बाबांना काही व्हायला नको," संचिता एवढंच म्हणाली. नवरा आर्यन ठाण्यालाच थांबलेला, हॉस्पिटलची व्यवस्था करायला. कोणी विचारलंच तर फुलं आणायला गेलाय म्हणायचं ठरलं.

हिरवी साडी नेसवली, फुलांचा मुकुट बांधला, ओटी भरली. बायका गाणी म्हणत होत्या. कुणी पोटाचा आकार बघून मुलगा सांगत होतं, कुणी मुलगी. सगळ्यांत मोठ्याने हसत होत्या विमलाबाई.

"वहिनी, दोन्ही हात पोटावर. हां, स्माईल!" फोटोवाला म्हणाला.

संचिता हसली. विमलाबाईंना स्वतःची किळस आली. तरी त्यांच्या तोंडून निघालं ते, "अजून एक काढा हो, छान येतोय!"

मग ताटात पालथ्या घातलेल्या दोन वाट्या आल्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. हॉल शांत झाला. संचिताचा हात काही पुढे होईना. आता ही रडणार, सगळं उघडं पडणार, म्हणून विमलाबाई तिच्याकडे सरकल्या. तेवढ्यात मागून अण्णा ओरडले, "अगं उचल की! डॉक्टरने माझं गोड बंद केलंय, बघायला तरी मिळू दे!"

सगळे खो खो हसले. संचिताने वाटी उचलली. बर्फी निघाली. टाळ्या पडल्या.

पाहुणे जेवायला बसल्यावर अण्णांनी विमलाबाईंना जिन्यापाशी बोलावलं. चेहऱ्यावर मघाचा माणूस नव्हताच.

"विहीणबाई, हॉस्पिटल कुठलं ठरवलंय?"

"कसलं हॉस्पिटल, अण्णा?"

"हिच्या आधी आमचं एक असंच गेलं. तेव्हा हिची आई अशीच हसायची, लोकांत. पोर आली तेव्हा दारातच कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"ती माझ्यासाठी एवढं करतेय, मी कसा मोडू? म्हणून मीही हसलो." आणि ते रडायला लागले.

मागे संचिता उभी होती, बाबांच्या पाया पडायला आलेली. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?" ती म्हणाली. मग सासूबाईंकडे वळली. "आई, मग मला तिथे कोणासाठी बसवलंत?"

विमलाबाई तिचा मुकुट सोडायला पुढे झाल्या. संचिताने त्यांचा हात बाजूला केला आणि स्वतःच एकेक गाठ सोडू लागली.