कान्हेरीच्या गॅलरीत

दगडू परबाला झोप येत नव्हती, आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता. ज्या माणसाने उभं आयुष्य चाळीच्या गॅलरीत काढलं, त्याला तेविसाव्या मजल्यावर दार लावून गादीवर निजवलं तर तो घोरणार कसा? करी रोडच्या त्या चाळीत खोली एक आणि माणसं मोप. बायका-पोरं आत, पुरुष बाहेर, अशी रीतच होती. लग्नाची हळद उतरते न उतरते तोच दगडूने वळकटी उचलली आणि उंबऱ्याबाहेर पथारी टाकली. मधे एक भिंत ठेवून त्याचा आणि सुभद्राचा संसार झाला. पोरं कशी झाली हे विचारू नये. चाळीत सगळ्यांनाच होत होती.

मग चाळ पडली, टॉवर उभा राहिला आणि सुभद्राला आयुष्यात पहिल्यांदा कडी असलेली झोपायची खोली मिळाली. या खोलीची तिने किती वाट पाहिली होती, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. या वयात ते बोलायचं तरी कोणत्या तोंडाने? पण दगडू तिच्या शेजारी रात्रभर कूस बदलत राही, आणि एका सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "मी गावाक जातंय. कायमचो. तू हयच रव, पोरांवांगडा."

सुभद्रा "बरं" म्हणाली आणि कप विसळायला गेली. रडली ती तिथे, नळ सोडून. भिंत होती तोवर संसार टिकला, भिंत गेली आणि नवरा निघाला, असं तिने मनाशी धरलं. म्हातारा आपल्याला कंटाळला, दुसरं काय?

त्याचं जाणं रविवारी ठरलं. आदल्या दिवशी टॉवरच्या ज्येष्ठ नागरिक संघाची कान्हेरीच्या लेण्यांची सहल होती. मुलाने, स्वप्नीलने, दोघांची नावं केव्हाच देऊन ठेवली होती, म्हणून दोघं गेली. बसमध्ये तो खिडकीशी आणि ती त्याच्या शेजारी.

संघाचे सेक्रेटरी कुशाबा गळ्यात स्पीकर अडकवून पुढे चालले होते. त्यांना बुद्धापेक्षा जेवणाची काळजी जास्त. मोठ्या चैत्यात शिरल्यावर मात्र त्यांचाही आवाज खाली आला. दोन्ही बाजूंना खांबांची रांग, पुढे दगडाचा स्तूप, आणि आत नुसता गारवा. कुणी काही बोललं की ते छतापर्यंत जाऊन सावकाश परत येई. सुभद्राने सवयीने चपला काढून हात जोडले. याला जाऊ देऊ नको, एवढंच मागायचं होतं. पण ना घंटा, ना पुजारी, ना प्रसाद. स्तूप आपला गप्प. इथे मागायचं कुणाकडे ते तिला कळेना, आणि गंमत म्हणजे न मागताच तिला थोडं हलकं वाटलं.

वर जायला कातळात पायऱ्या खोदलेल्या होत्या. मंडळी मागे रेंगाळली, ही दोघं चढत राहिली. वर डोंगराच्या अंगाने खोल्याच खोल्या. दगडू थबकला. कितीतरी महिन्यांनी त्याचा चेहरा खुलला.

"अगो, ही तर चाळच," तो म्हणाला.

खरंच होतं. ओळीने दारं, दारांपुढे पडवी, पावसाचं पाणी साठवायला खडकात खोदलेली सामायिक टाकी. दगडू एका खोलीत शिरला आणि हवेत बोट फिरवून त्याने संसार मांडायला सुरुवात केली. "हय मोरी. हय तुझी मांडणी. हय स्वप्नीलचो पाळणो." बघता बघता सुभद्रालाही ती भांडी दिसू लागली.

"येवढे बिऱ्हाडकरू होते, ते गेले खय?" तिने विचारलं.

"टॉवर मिळालो आसात त्यांका," तो म्हणाला, आणि दोघं हसली. त्या सकाळनंतर प्रथमच.

दाराबाहेर भिंतीला लागून कातळाचाच एक बाक कोरलेला होता. दगडू त्यावर टेकला, मग आडवा झाला. खालच्या झाडीतून वारा येत होता. दोन मिनिटं पडतो म्हणाला, आणि पडल्या पडल्या त्याला झोप लागली.

सुभद्रा आत बसली, पाठ भिंतीला लावून. भिंतीपलीकडून घोरणं येऊ लागलं. हाच आवाज ऐकत ती तरुणपणी निजायची. बाहेर आपला माणूस आहे, आता खुशाल डोळे मिटावे. तिचेही डोळे मिटले. टाक्याकडून कुणी कुणी येत होते, भगव्या वस्त्रांतले, हातात पाण्याचे गडू, पाय ओले. सगळे आपल्याच मजल्यावरचे असावेत इतके ओळखीचे. पहिल्या पाळीला निघालेले शेजारी जसे दगडूला ओलांडून जात, तसे ते पाय न वाजवता त्याच्यापाशी येत आणि पुढे जात. एक जण दारात थांबला, तिच्याकडे पाहून हसला. त्याने काही विचारलं नाही, तिनेही काही मागितलं नाही.

ती जागी झाली तेव्हा ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. खालून कुशाबांचा स्पीकर जेवायला हाका मारत होता. दगडू अजून झोपला होता, तोंड उघडं टाकून, मुलासारखा. म्हणजे हा आपल्याला कंटाळला नव्हता. याला उघड्यावरच झोप येते, एवढंच. तिला आनंद झाला, आणि लगेच रागही आला. हा कायम बाहेर, आणि आपण कायम आत. आणि आता हा गावाला, आपण इथे. पुन्हा भिंतच की!

गॅलरीत बायकांनी निजायचं नसतं. सुभद्रा उठली, उंबरा ओलांडून बाहेर आली आणि म्हणाली, "सरका जरा."

दगडू डोळे न उघडता भिंतीकडे सरकला. ती त्याच्या शेजारी आडवी झाली. कॉलेजातली चार मुलं पायऱ्या चढत आली, बघून तशीच पुढे गेली. जाऊ देत.

डोळे मिटूनच तो म्हणाला, "गावची पडवी हेच्यापेक्षा रुंद आसा."

"आसात. माका काय तिचा?"

"तुका नव्या घराची हौस. म्हणान तुका चल म्हणाक नाय."

"हौस घराची नव्हती ओ," सुभद्रा म्हणाली. इतकी वर्षं जपलेलं वाक्य इतकं छोटं असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

दगडूने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. मग खांद्यावरचा पंचा काढला, त्याची घडी केली आणि तिच्या डोक्याखाली सरकवली. खाली स्पीकर दोघांची नावं घेऊन ओरडत होता.

"पडवीत डास असतत," तो म्हणाला. "मच्छरदाणी बांधूक व्हयी."

"मोठी बांधा," ती म्हणाली.