सातवा चिमटा

मी एक जुनी राखीव छत्री आहे. मित्रांनो, आधी माझ्या काचपेटीवरची नाकं काढा, वाफ धरते. विमानातून उडी मारताना पाठीवर दोन छत्र्या असतात. पहिली रंगीत, मिरवणारी. ती उघडली नाही तर दुसरी, म्हणजे मी. माझ्याखाली पितळी पाटी आहे: 'विक्रमी उडीतील राखीव छत्री. हिची कधीच गरज पडली नाही.' ती वाचली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मला पांढऱ्या रेशमासारख्या कापडातून शिवलं आणि या विमानतळावरच्या उड्डाण क्लबात पाठवलं. माझी मालकीण घार. खरं नाव वेगळं, पण सगळे तिला घारच म्हणायचे. एकटीने सर्वांत लांबपर्यंत विमान नेण्याचा विक्रम तिने केला होता आणि तेव्हापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. तिची थोरली बहीण छत्र्यांच्या घड्या घालायची. ती ताई.

दर सहा महिन्यांनी मला उघडून, वारा देऊन पुन्हा घडी घालायचा नियम आहे. ताई मला लांबलचक टेबलावर पसरायची. घड्या सुटू नयेत म्हणून लाल फीत बांधलेले चिमटे लावायची आणि मला मिटताना एकेक काढून मोठ्याने मोजायची. सात लावले तर सात परत ताटलीत आले पाहिजेत. एखादा आत राहिला तर तो दोऱ्या आवळून धरतो आणि मी उघडत नाही. म्हणून ती मोजत असताना खोलीत कोणी ब्र काढायचा नाही. कौतुक मात्र सगळं घारीचं. ताईचा फोटो कोणी काढल्याचं मला आठवत नाही.

मग सर्वांत उंचावरून उडी मारायचा दिवस आला. माझी मुदत आदल्याच दिवशी संपली होती. ताईने सकाळीच मला टेबलावर घेतलं होतं. माझ्या घड्या निम्म्या झाल्या होत्या, तोच घार दाणदाण पाय आपटत आत आली.

"अजून झालं नाही? वर्षात अशी हवा दोनदाच मिळते, ताई!"

"तासभर लागेल. मोजतेय, बोलू नकोस."

"मोजतेय, मोजतेय! जन्मभर तेवढंच कर तू. मला वर जायचंय."

ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती तोंड धुवायला गेली. तेवढ्यात या बयेने मला कसंबसं कोंबलं, चिमटे ओढून ताटलीत फेकले, दोरा बांधून पिशवी बंद केली आणि घडी घातल्याची नोंद असते त्या माझ्या कार्डावर ताईची खोटी सही ठोकली. सातवा चिमटा माझ्या पोटातच राहिला. मला तोंड असतं तर मी विमानतळ डोक्यावर घेतला असता.

ताई परतली तेव्हा टेबल रिकामं होतं आणि ताटलीत सहाच चिमटे. ती धावतच वायरलेसच्या खोलीत गेली. विमान वर पोचलं होतं. वैमानिकाने मागे वळून घारीला सांगितलं, "तुमची बहीण म्हणतेय उडी मारू नका, छत्रीत चिमटा राहिलाय."

घार हसली. "तिला सांगा, जळणं पुरे झालं."

आणि तिने उडी मारली. मी तिच्या पाठीवर जीव मुठीत धरून बसले होते. रंगीत छत्री फाडकन उघडली आणि विक्रम झाला.

खाली टाळ्यांचा नुसता कडकडाट. ताई गर्दीतून पुढे आली आणि म्हणाली, "राखीव छत्री उघडा, आत्ताच्या आत्ता!" घार क्लबच्या अध्यक्षांना म्हणाली, "विक्रमाची वस्तू आहे, कोणी हात लावायचा नाही. चिमटा हिनेच कुठेतरी हरवलाय." चारचौघांत ताई खोटी पडली. महिन्याभरात तिचं काम गेलं आणि मी काचेत आले. माझी लबाड मालकीण वर्षातून एकदा यायची, पाहुण्यांना माझी पाटी दाखवायची आणि माझ्याकडे न बघता निघून जायची. आत चिमटा नाही अशी खात्री असती, तर तिने मला तेव्हाच उघडलं नसतं का?

बावीस वर्षं अशी गेली. मागच्या महिन्यात घार एक नवी छत्री काखोटीला मारून आली. बरोबर ताई होती, केस पांढरे झालेली.

"माझ्या लेकीची उद्या पहिली उडी आहे," घार खालमानेने म्हणाली. "तिची राखीव छत्री तू घडी घाल. दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही."

ताईने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आधी ही उघड. तुझ्या हाताने."

घारीने मला बाहेर काढलं, दोरा तोडला, घड्या सोडल्या. दोऱ्यांमधून लाल फितीचा चिमटा टणकन टेबलावर पडला. ताईने पर्समधून जुने सहा चिमटे काढून त्याच्याशेजारी ठेवले.

"मोज."

"ताई..."

"मोठ्याने मोज."

घारीने मोजले. सातव्या चिमट्यावर बोट ठेवून ती 'सात' म्हणाली. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मग ताईने मला बाजूला सारलं, भाचीची छत्री टेबलावर पसरली आणि बाह्या वर केल्या. घार खुर्चीत बसून रडत होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "ताई, मला माफ केलंस का गं?"

"गप्प बस," ताई म्हणाली. "मी मोजतेय."

मित्रांनो, तुमच्यासाठीही घरात कोणीतरी असंच काही मोजत असेल. तेव्हा तोंड बंद ठेवा, एवढंच माझं मागणं. आणि ती पाटी कोणीतरी काढा.