चिंचमळ्याची माती

बादशहाभाईंनी दुधाच्या पिशवीतली काळी माती घमेल्यात ओतली, वर तांब्याभर पाणी घातलं आणि हातानं कालवायला घेतली. रहिमतपुरातल्या त्यांच्या टायरच्या दुकानात नवं गिऱ्हाईक आलं, की ते गाडी कोणती हे नंतर विचारत. आधी म्हणत, "तुमच्या वाटेची माती आणा." काही जण हसून दुसऱ्या दुकानात जात. जयराज गेला नव्हता. वीस वर्षं लष्करात गाडी चालवल्यावर सांगितलेलं काम आधी करायचं, शंका मागून विचारायची, एवढं अंगात भिनलं होतं. माती मात्र त्याच्या मुलीनं, आठवीतल्या रेश्मानं, वाटेवर उकिडवं बसून भरून आणली होती.

"चाचा, आमच्या चिंचमळ्याची माती लय वंगाळ हाय," ती म्हणाली. "चप्पलसुद्धा ठेवून घेती."

"वंगाळ? तुमचा ऊस मग हवेत उभा हाय का बाळ?"

रेश्मा हसली. बादशहाभाईंनी फळीवरून टायरचे दोन कापलेले तुकडे काढले. एकावरचे रबराचे ठोकळे मोठे होते आणि त्यांच्यामधून बोट सहज फिरत होतं. दुसऱ्यावरचे ठोकळे लहान, जवळजवळ बसवलेले.

"ह्यो मड टायर. ह्यो ऑल टेरेन, म्हंजे सगळ्या वाटांचा. दोनी चिखलात दाब आणि झटक. काय झालं ते मला सांगायचं."

तिनं दाबलं, झटकलं. मूल विचार करत असताना मध्ये बोलायचं नाही, अशी बादशहाभाईंची रीत होती.

"ह्यातला चिखल पडला," रेश्मा म्हणाली. "ह्यात भरून बसला."

"मग मिटलं की," जयराज उठलाच. "मड टायर टाका चारी."

"आवं बसा हवालदार. पोरीची शाळा अजून सुटली न्हाई."

त्यांनी फरशीवर पाणी शिंपडलं आणि दोन्ही तुकडे ठोकळे खाली करून तिच्याकडून त्यावर ढकलून घेतले. मड टायरचा तुकडा सर्रकन पुढे गेला. दुसरा जरा अडून अडून सरकला.

"ह्याचं जमिनीला टेकणारं रबर कमी," रेश्मा सावकाश म्हणाली.

"शाब्बास. आता सांग, घरापासून डांबरी किती लांब?"

"दीड किलोमीटर."

"आणि डांबरीवरून शाळा?"

"चौदा."

"मग टायर दीडसाठी घ्यायचा का चौदासाठी?"

रेश्मानं वडिलांकडे पाहिलं.

"दीडसाठी," जयराज म्हणाला.

त्याला कारण होतं. त्या दीड किलोमीटरवर बारा महिने पाटाचं पाणी सांडायचं आणि उसाच्या ट्रॅक्टरांनी चर पाडलेले असायचे. वस्तीवरची पाच मुलं तो जीपनं रहिमतपूरच्या शाळेत सोडायचा. सहामाहीत जीप तिथंच रुतली आणि रेश्माचा गणिताचा पेपर बुडाला. त्या संध्याकाळी तिच्या आईनं भाकरी थापता थापता सांगून टाकलं होतं, "आणखी एकदा गाडी रुतली, तर जूनपासून पोरगी सांगलीला मावशीकडं. शाळा दारात हाय तिच्या." जयराज लष्करातून कायमचा घरी आला तेव्हा रेश्मा अकरा वर्षांची झाली होती. तिचं पहिलं पाऊल, पहिली शाळा, पडलेले दात, सगळं त्याला फोनवर कळलं होतं.

बादशहाभाईंनी वाद घातला नाही. आतून त्यांनी वापरलेल्या चार मड टायरांचा, चाकांसकट एक संच बाहेर काढला.

"दोन दिस चालवून बघा. मग बोलू."

दुसऱ्या दिवशी सकाळी चिखलातून जीप अशी गेली, की मागच्या मुलांनी टाळ्या पिटल्या. जयराज मिशीत हसला. डांबरी लागली, त्यानं वेग वाढवला आणि चाकांमधून घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. आधी त्याला तो बरा वाटला. लष्करी ताफ्याची आठवण आली.

रोज ह्याच रस्त्यावर रेश्मा पुढच्या सीटवरून बोलायची. बाईंनी कुणाला उभं केलं, कुणाच्या डब्यात काय होतं, औंधच्या डोंगरावर ढग कसा बसलाय. तो फक्त "बरं" म्हणायचा. आजही ती त्याच्याकडे वळून काहीतरी म्हणाली.

"काय?"

ती पुन्हा म्हणाली.

"आं? मोठ्यानं बोल."

तिनं तिसऱ्यांदा तोंड उघडलं, मग हसून हात हलवला आणि खिडकीबाहेर बघू लागली. पुढचे बारा किलोमीटर ती बाहेरच बघत होती.

मुलांना सोडून जयराज घरी परतला नाही. तो थेट दुकानात आला.

"काढा हे."

"का? रुतली व्हय?"

"न्हाई. रणगाड्यागत गेली."

"मग?"

जयराजनं खाली पडलेला पाना उचलला आणि स्वतःच चाकाचे नट सैल करायला बसला. "आवाज लय करत्यात," एवढंच म्हणाला. बादशहाभाईंनी क्षणभर त्याच्या पाठीकडे बघितलं आणि ऑल टेरेनचे चार टायर उतरवायला शिडी लावली.

"चिखलात हे भरून येणार, ते आत्ताच सांगतो," ते वरून म्हणाले. "त्याला एक औषध हाय. पण ते मी तुमाला न्हाई, पोरीला शिकवणार. सांजच्याला घेऊन या."

संध्याकाळी त्यांनी रेश्माच्या हातात हवा मोजायचा काटा दिला. चिखलाआधी थांबायचं, हवा तीसवरून अठरावर आणायची. टायर मऊ पडला, की उंटाच्या पायासारखा पसरतो. मधे थांबायचं नाही, ब्रेक मारायचा नाही. डांबरी लागली की छोटा पंप बॅटरीला जोडायचा आणि परत तीस.

"डांबरीवर अठरानं पळवली तर?" त्यांनी विचारलं.

"टायर तापंल," रेश्मा म्हणाली.

"आणि फुटंल. पप्पा इसरले तर आठवण कुणी करायची?"

"मी."

"सकाळी पाऊण तास तरी लवकर निघावं लागंल, हवालदार. पंप बारका हाय, चारी चाकं भरायला येळ घेतो."

"निघू की."

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात रात्री पाट फुटला. सकाळी वाट काळ्या खिरीसारखी झाली होती. रेश्माची आई बांधावर येऊन उभी राहिली, हात कमरेवर. काटा अठरावर होता. जयराजनं गिअर टाकला. जीप डावीकडे सरकली, मग उजवीकडे. टायरांच्या खाचा केव्हाच भरल्या होत्या.

"थांबू नका पप्पा. हाय तीच चाल ठेवा."

"ठेवली."

चरातून मागचं चाक बाहेर येताना मुलं श्वास रोखून बसली होती. मग पुढची चाकं खडीवर लागली आणि जीप डांबरीच्या कडेला येऊन उभी राहिली. जयराजनं आरशात पाहिलं. लांब बांधावरचा ठिपका थोडा वेळ तसाच होता, मग घराकडे वळला.

मुलं खाली उतरून ट्रॉलीतून पडलेला ऊस सोलू लागली. पंप टरटरत होता. रेश्मा चाकापाशी बसली. जयराजही शेजारी उकिडवा बसला. तिनं त्याला मावशीच्या फोनचं सांगितलं, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मांडायच्या प्रयोगाचं सांगितलं. त्यात चिंचमळ्याची माती असणार होती.

"त्या दिशी काय म्हणत व्हतीस गं?" त्यानं विचारलं. "त्या मड टायरच्या दिशी. तीनदा म्हणालीस."

रेश्मा हसायला लागली. "हेच, की टायर लय आवाज करत्यात."

तोही हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

शेवटच्या चाकावर तिनं काटा लावला. "तीस. चला."

जयराज उठला नाही. त्यानं घड्याळ बघितलं. शाळेला अजून वेळ होता.

"चारी चाकं परत एकदा मोज," तो म्हणाला.