शोकेसमधली नवी वाइन

मी एक जुनी हिरवी बाटली आहे. सुकापूरच्या घरत कुटुंबात मी आले ते त्यांच्या निकेशचे लग्न झाले त्या वर्षी, म्हणजे २०२२ साली. लग्न मे महिन्यात होते आणि मी आले जानेवारीत. तुम्ही म्हणाल, ही कसली जुनी? पण मित्रांनो, माझ्या बरोबरीच्या बाटल्या वर्षाच्या आत रिकाम्या होऊन पुन्हा भट्टीत गेल्या. त्या मानाने मी म्हातारीच.

माझी काच भट्टीत वितळली, साच्यात फुगली, गार झाली. मग नाशिकजवळच्या एका द्राक्षमळ्यात माझ्यात पांढरी वाइन भरली आणि तोंडाला बूच ठोकले. तिथेच मला आनंदाबाबा आणि भामाबाई भेटले.

दोघे जन्मभर भातशेतीत राबलेले. शेत होते तोवर फिरायला सवड नव्हती. पुढे शेत आणि गाव दोन्ही नवी मुंबईच्या विमानतळात गेले आणि दोघांकडे सवडच सवड झाली. म्हणून त्यांच्या मुलाने, निकेशने, त्यांना दोन दिवसांच्या सहलीला पाठवले होते. स्वतःच्या लग्नानंतरची त्यांची ती पहिली सहल. भामाबाई बसमध्ये खिडकीजवळ बसल्या होत्या आणि ती जागा त्यांनी जाता-येता कोणालाही दिली नाही.

मळ्यात आभा नावाची मुलगी सगळ्यांना वाइनची चव देत होती. भामाबाईंनी पेला घेतला, बोट बुडवले आणि पहिला थेंब जमिनीवर उडवला. आभा फडके घेऊन धावली.

"सांडली नाय गं," भामाबाई म्हणाल्या. "ती वाडवडलांची. त्यांना दिल्याबिगर आमी तोंडाला लावत नाय."

मग त्यांनी घोट घेतला आणि पेल्यात निरखून पाहिले.

"काय झाला? कडू हाय?" आनंदाबाबांनी विचारले.

"अवो, आपले दारातल्या जामासारखी लागते."

त्यांच्या जुन्या घराच्या दारात पांढऱ्या जामाचे, त्या घंटेच्या आकाराच्या रसाळ फळाचे, झाड होते. गाव उठले तेव्हा तेही पडले. आनंदाबाबांनी पेला घेऊन चव पाहिली आणि डोळे मिटून मान हलवली. लगेच त्यांनी मला विकत घेतले.

आभा म्हणाली, "काका, ही नवी वाइन आहे. ठेवून द्यायची नाही. गार जागी आडवी ठेवा आणि वर्षभरात पिऊन टाका."

"पोरी, आमच्यात दारू जुनी झाली का भाव खाते," आनंदाबाबा हसले. आभा पुन्हा समजावू लागली तोवर बसचा भोंगा वाजला.

घरी आल्यावर त्यांनी मला काचेच्या शोकेसमध्ये उभे केले. दोन्ही बाजूंना निकेशच्या क्रिकेटच्या ट्रॉफ्या होत्या.

"ती पोरगी आडवी ठेवा बोलली होती," भामाबाईंनी आठवण करून दिली.

"आडवी ठेवली तर पिऊन पडल्यासारखी दिसंल! घरात पावणे येतात, भामे."

पाहुणे खरोखर आले. मला बघून "नाशिकला गेलेलात का?" म्हणून विचारत आणि आनंदाबाबा सगळी सहल पहिल्यापासून सांगत. मला फार अभिमान वाटे. निकेशच्या हळदीला मंडपात दारूचे खोकेच्या खोके फुटले. कोणीतरी माझ्याकडे हात केला तेव्हा आनंदाबाबा आडवे आले. "ती पावण्यांची नाय. आमची दोघांची हाय."

त्या रात्री भामाबाई म्हणाल्या, "मग आजच फोडू की. मना परत ती चव बघायची हाय."

"आज नाय. आपले शेतावरून विमान उडंल ना, त्यात बसून गोव्याला जाऊ. समुद्रावर बसून फोडू."

भामाबाईंना ते आवडले. त्यांनी त्यासाठी एक निळी साडी वेगळी काढून ठेवली.

दुपारचे ऊन शोकेसवर येई. माझे बूच सुकत गेले. आतली वाइन पिवळी झाली, मग तपकिरी. मला ते कळत होते, पण बाटलीला बोलता येत नाही. विमानतळ पुढच्या वर्षी होणार, मग त्याच्या पुढच्या वर्षी. भामाबाई दर सणाला माझी धूळ पुसत आणि विचारत, "कवा फोडायची?" आनंदाबाबा म्हणत, "आता थोडंच रायलंय."

मग एका सकाळी चहा पिता पिता आनंदाबाबांच्या छातीत कळ आली आणि ते दवाखान्यातून परतले नाहीत.

दहाव्याला त्यांच्या आवडीचे ताट वाढले. भामाबाईंनी मला शोकेसमधून काढले.

"आई, खराब झाली असंल ती," निकेश म्हणाला.

"फोड."

बुचाचा भुगा झाला. भामाबाईंनी बोट बुडवले आणि पहिला थेंब जमिनीवर उडवला. त्या थेंबाच्या मानकऱ्यांत आता आनंदाबाबाही होते. मग त्यांनी एक घोट घेतला. माझ्यात आता नुसता आंबट शिरका होता. जामाची चव कुठेच नव्हती.

"कशी हाय, आई?"

"चांगली हाय," त्या म्हणाल्या आणि उरलेली त्यांनी कोणाला दिली नाही.

आता मी स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे; माझ्यात पाणी घालून एक वेल लावलाय. नाताळात विमाने सुरू झाली. आवाज आला की भामाबाई हातातले काम थांबवतात. निळी साडी अजून घडीतच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी कशासाठी "कवा?" विचारत असेल, तर त्यांना आजच हो म्हणा. माझी काच जपली गेली, पण आतली चव होती तोवर कोणी मला उघडले नाही.

आनंदा घरत ३ सप्टेंबर २०२५ रोजी, गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी वारले. तेव्हा मी भरलेली होते.