सेन्सरचे सहाशे साठ

शाल्मलीने निपाणीच्या अभ्यासिकेत बसवलेला कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर दीड महिना हवा उत्तम असल्याची ग्वाही देत होता, आणि तिथले राखणदार भरमूअण्णा दीड महिना जांभया देत होते.

"म्याडम, तुमचं यंत्र म्हणतंय हवा झ्याक हाय. पर माझं डोकं न्हाय म्हणतंय."

"अण्णा, दुपारी भाकरी किती खाता?"

"दोनच. आन् ती पोरं उपाशीपोटी पेंगत्यात, त्यांचं काय?"

शाल्मली हसली, पण आतून ती धास्तावली होती. बेळगावच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांसह दोन वर्षे खपून तिने हा सेन्सर घडवला होता. आजच्या चाचणीत तो अचूक ठरला, तर तालुक्यातल्या सगळ्या अभ्यासिकांत तोच लागणार होता.

तिने प्रयोगशाळेतले प्रमाणित उपकरण त्याच्या शेजारी ठेवले आणि आपल्या श्वासाने आकडे बदलू नयेत म्हणून दूर जाऊन उभी राहिली. वीस मिनिटांनी पाहिले, तर सेन्सरवर सहाशे साठ, उपकरणावर बाराशे चाळीस. आकडा जितका मोठा, तितकी हवा कोंदट.

"कुनाचं खरं?"

"उपकरणाचं."

"म्हंजी माझ्या डोक्याचं!"

"अण्णा, ही खोली रिकामी कधी असते?"

"परीक्षा तोंडावर आल्यात. रातंदिस पाळीपाळीनं येत्यात. रिकामी कशी हुईल?"

"आणि खिडक्या?"

"पल्याड तंबाखूची वखार हाय. उघडली की साठ पोरं एकदम शिंकत्यात."

शाल्मली बाकावर टेकली. आठवड्यातला सर्वांत कमी आकडा म्हणजेच बाहेरची स्वच्छ हवा असे मानून स्वतःला जुळवून घे, असे तिनेच सेन्सरला शिकवले होते. बेळगावची प्रयोगशाळा रोज सायंकाळी रिकामी होई, तिथे ते बिनचूक चाले. इथे कधीच न निघालेल्या कोंडलेल्या हवेला तो बिचारा निर्मळ समजून बसला होता.

तिचा चेहरा पाहून भरमूअण्णांचा सूर मऊ झाला. "लिवा की चालतंय म्हनून. यंत्रबी तुमचं, कागदबी तुमचा."

"आणि तुमचं डोकं?"

"ते सरकारी न्हाय. त्याला कोन इचारतंय!"

तिने चाचणीच्या अहवालात लिहिले : 'पाचशे ऐंशीने कमी दाखवतो. सध्या कोठेही बसवू नये.' आणि खाली सही केली.

"सुधारून आणते, अण्णा. पुढची चाचणी महिनाभर इथेच बसून करीन."

"या की. खुर्ची राखून ठिवतो," भरमूअण्णा म्हणाले, "पर सकाळी सातच्या आत या. उशीर झाला तर परीक्षेची पोरं म्याडमलाबी खुर्चीवरनं उठीवत्यात."