रंभाबाईंची पडताळणी

कार्ड पहिलं: विक्रांत

रंभाबाईंनी विक्रांतने भरलेल्या जनगणनेच्या फॉर्मवर थाळी पालथी घातली आणि वर कोपर टेकला.

"आता कल्याणी लिहील. तुझं न बघता."

"आई, दहा मिनिटांचं काम आहे. पोस्ट करून टाकू ना," विक्रांत म्हणाला.

"शाळेतही असंच म्हणायचास. मग गणितात भोपळा."

दोन हजार एकचा एप्रिल, शेवटचा रविवार. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रंभाबाई गेल्या नोव्हेंबरात इंग्लंडातल्याच स्लाऊहून वॉटफर्डला मुला-सुनेकडे आल्या आणि राहिल्या. स्लाऊचा त्यांचा कौन्सिलचा, म्हणजे नगरपालिकेने भाड्याने दिलेला फ्लॅट बंद होता. तो सोडत असल्याचं पत्र सही करून तीन आठवडे त्यांच्या पर्समध्ये पडलं होतं. आता इथेच राहा, असं दोघांपैकी कुणी म्हटलं नव्हतं. जा, असंही नाही. विचारायला रंभाबाईंचं तोंड उघडत नव्हतं.

कार्ड दुसरं: कल्याणी

कल्याणीने कोऱ्या कागदावर फॉर्मसारखे दोन रकाने आखले. घरात राहणारे. आज रात्रीचे पाहुणे.

"तुम्ही खरंच नोकरीत दिवसभर हेच पडताळायचात, आई?"

"आठ तास. साठ बायका एका हॉलमध्ये. एक बाई फॉर्म बघून कॉम्प्युटरच्या कार्डाला भोकं पाडायची. मग तोच फॉर्म, तेच कार्ड माझ्याकडे. मी परत तीच बटणं दाबायची. जुळलं नाही की मशीन अडायचं."

"मग तिला बोलणी?"

"छे. तिची माझी ओळखही नसायची." रंभाबाईंनी गुडघा चोळला. "घरी आलं की बोटं भाकरी थापायला नाही म्हणायची."

"बोअर नाही व्हायचं?" विक्रांतने विचारलं.

"दमायला व्हायचं. बोअर व्हायला त्राण कुठे असायचं."

कल्याणीचं पेन थांबलं. तिने विक्रांतकडे पाहिलं. मग भराभर लिहून तिने कागद उलटा करून सासूकडे सरकवला.

पडताळणी

थाळी बाजूला. दोन कागद शेजारी शेजारी. रंभाबाई ओळीओळीवर बोट ठेवत गेल्या.

राहणारे. विक्रांत, विक्रांत. कल्याणी, कल्याणी. तिसरी ओळ कोरी. इकडेही कोरी.

पाहुणे. रंभाबाई, स्लाऊ. रंभाबाई, स्लाऊ.

बोट तिथेच राहिलं.

"काय, अडलं का मशीन?" विक्रांत हसला.

"नाही. जुळलं."

"बघ! उगाच अर्धा तास घालवलास."

"चहा टाकते हं, आई," म्हणत कल्याणी उठली. किटली भरताना तिची पाठ इकडे होती.

"टाक. विक्रांत, फ्लॅटचा पोस्टकोड चुकलाय तुझा. पेन दे."

त्यांनी चुकलेलं अक्षर खोडलं. वर नवं अक्षर काढलं, सावकाश, चौकटीबाहेर जाऊ न देता.

"उद्या ऑफिसला जाताना तुला वाटेत स्लाऊ लागतं का रे?"

"छे, एकदम उलट्या दिशेला. का गं?"

"काही नाही," रंभाबाई म्हणाल्या. "बस असते."